गोडाऊन ताब्यात घेताना फोटो: किती काढायचे, कसे काढायचे आणि कोणासमोर काढायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडप-डेकोरेशनचं सामान ठेवायला बेळगावच्या उद्यमबागेच्या बाजूला ४० बाय २० फुटांचं गोडाऊन घेताय. मालक १ लाख ॲडव्हान्स, म्हणजे जागा सोडताना परत मिळायची अनामत, मागतायत. आधीच्या भाडेकरूने जमिनीवर तेलाचे डाग पाडून ठेवलेत, शटर उजवीकडे अडकतं, आणि मालकांचं म्हणणं, "सगळं बरोबर आहे की, सोडताना बघू." कुणीतरी तुम्हाला फोटो काढून ठेवायचा सल्ला दिलाय आणि तुम्ही विचारताय, कुठलं ॲप घेऊ, किती फोटो पुरे होतील?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे हे कुठल्या अनुभवातून सांगतोय ते कळेल. मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजींच्या हाताखाली सुरुवात केली. पुढे बेळगावात साबण, बिस्किटं, चहापत्ती यांची एजन्सी घेतली, तिला आता २२ वर्षं झाली. एवढ्या काळात ९ गोडाऊनं भाड्याने घेतली आणि ६ सोडली. ओळखीतले व्यापारी जागा घेताना किंवा सोडताना मला सोबत नेतात, त्यामुळे दुसऱ्यांची भांडणंही बरीच पाहिली आहेत.

त्या सगळ्या भांडणांत "इथे डाग आहे की नाही" यावर वाद झालेला मला आठवत नाही. डाग दोघांनाही दिसत असतो. वाद होतो तो डाग कधीचा यावर. आणि एकट्याने काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवलेल्या फोटोला हे "कधीचा" सांगता येत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. २०११ साली शहापुरात एका जुन्या घरामागचं गोडाऊन घेतलं. तेव्हा हातात नवा कॅमेऱ्याचा फोन होता. मी हौसेने चाळीसेक फोटो काढले: फुटलेल्या शहाबादी फरश्या, लोणा लागलेली भिंत, मोडका कडी-कोयंडा, सगळं. तीन वर्षांनी जागा सोडताना मालकांनी फरश्यांचे पैसे कापायला काढले, तेव्हा मी फोटो दाखवले. ते म्हणाले, "हे तुम्ही आत आल्यावर वर्षभराने काढलेले नसतील कशावरून?" मधल्या काळात मी फोन बदलला होता. फोटो आधी कॉम्प्युटरवर, तिथून नव्या फोनमध्ये आले होते, आणि फाईलवर तारीख दिसत होती ती कॉपी केल्याची. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ॲडव्हान्सच्या ८० हजारांतले ३५ हजार गेले. मालक खोटं बोलत होते असंही मला आज वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी कुठली फरशी फुटली होती हे त्यांना खरंच आठवत नसणार.

म्हणून ॲपच्या आधी दिवस ठरवा. किल्ली हातात येईल त्याच दिवशी, सामानाची एक बांबूची काठीही आत येण्याआधी, सकाळी दहा-अकराच्या उजेडात फोटो काढायचे. मालक स्वतः, किंवा त्यांचा मुलगा वा व्यवस्थापक तिथे हजर हवा. जमल्यास दोघांच्याही ओळखीचा तिसरा माणूस असावा, शेजारचा दुकानदार चालेल. फोटो काढताना निदान दोन-तीन फोटोंत ही माणसं दिसू द्या. पहिला फोटो त्या दिवशीचं वर्तमानपत्र शटरवर धरून काढायचा. पद्धत जुनी आहे, पण ती तारीख कुठल्याही भाषेत, कुठल्याही वयाच्या माणसाला लगेच पटते.

मालकांना हे कसं सांगायचं, ही अडचण बऱ्याच जणांना येते. पहिल्याच दिवशी अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मी सरळ म्हणतो, "काका, तुमची जागा जशी दिलीसा तशी परत द्यायची माझी जबाबदारी आहे. मला उद्या आठवायला नको, म्हणून दोघं मिळून एकदा बघून घेऊ." आजवर एकाही मालकाने याला नाही म्हटलेलं नाही. एकाने तर पुढच्या भाडेकरूकडून स्वतःच असे फोटो काढून घेतले. कारण खरोखर नुकसान करून जाणारे भाडेकरूही असतात, आणि तेव्हा मालकाकडेही काही पुरावा नसतो.

आता प्रत्यक्ष फोटो. तुमच्या मापाच्या जागेला ५० ते ६० लागतील. आकड्यापेक्षा क्रम सांभाळा. रस्त्यावरून सुरुवात, मग शटर बंद आणि उघडं, मग आत शिरल्यावर डावीकडून एकेक भिंत, चारही कोपरे, मग जमीन, छत, वायरिंग, आणि शेवटी बाहेरून मागची बाजू. प्रत्येक दोषाचे दोन फोटो: एक लांबून, म्हणजे तो कुठल्या भिंतीला कुठे आहे ते कळेल, आणि एक जवळून, शेजारी टेप किंवा पट्टी धरून. नुसता जवळून काढलेला भेगेचा फोटो कुठल्याही भिंतीचा असू शकतो. जे चांगलं आहे त्याचेही फोटो काढा. नवा रंग दिलेली भिंत, शाबूत काच, चालू बल्ब. पुढे तुमच्या हातून एखादी गोष्ट बिघडली तर ती तुमची, हे मान्य करायचीही तयारी असावी, आणि त्या प्रामाणिकपणाने बाकीच्या फोटोंना वजन येतं.

जमिनीकडे तुम्ही विशेष लक्ष द्या, कारण तुमचा धंदा मंडपाचा आहे. लोखंडी पाइप आणि कैच्या गाडीतून उतरवताना हमालांच्या हातून पडणारच, आणि कोबा फुटणारच. तेव्हा जुनं फुटलेलं आणि नवं फुटलेलं वेगळं ओळखता यायला हवं. मी खडूने जमिनीवर दहा-दहा फुटांचे चौकोन आखतो. तुमच्याकडे ते आठ होतील. प्रत्येकात खडूनेच आकडा लिहायचा आणि स्टुलावर उभं राहून एकेक चौकोनाचा फोटो घ्यायचा. तेलाचे डाग ३ आणि ४ नंबरच्या चौकोनात आहेत असं लिहिलं की पुढे बोलायला जागा राहत नाही.

भिंतीची ओल समोरून फ्लॅश मारून काढली तर फोटोत दिसतच नाही, भिंत पांढरी फट्ट येते. फ्लॅश बंद करा. दुसऱ्या माणसाला भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने टॉर्च धरायला सांगा. गिलाव्याचे फुगे, पोपडे, भेगा, सगळं सावलीसह उठून दिसतं. पश्चिमेची भिंत सोडू नका. आपल्याकडे पावसाची झड बहुतेक नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येते आणि तीच भिंत आधी खराब होते. भिंत आणि जमीन मिळते तिथे घुशी-उंदरांची बिळं असतात. तुमचं कापड आणि गालिचे असणार, तेव्हा ती बिळं नुसती फोटोत घेऊ नका, ती बुजवून घेतल्यावरच सामान आत आणा.

छतासाठी एक साधी युक्ती आहे. भर दुपारी शटर पूर्ण खाली ओढा, दिवे बंद करा आणि दोन मिनिटं अंधारात उभे राहा. पत्र्याला जिथे भोक आहे, जिथे हुकाचं वायसर गेलंय, तिथे उजेडाचे ठिपके दिसतात. त्यांचे फोटो काढा, आणि ते कुठल्या भिंतीपासून अंदाजे किती फुटांवर आहेत ते लिहून ठेवा. फोटोसाठी छतावर मात्र चढू नका. जुना सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि पाय ठेवल्यावर फुटतो. शेजारच्या गच्चीवरून काढा, नाहीतर बांबूला फोन बांधून व्हिडिओ घ्या. पन्हाळीत पाला साचलाय का तेही त्यातच दिसेल.

हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या मीटरचा फोटो आकडा आणि आर. आर. नंबर (वीज जोडणीचा क्रमांक) स्पष्ट दिसेल असा घ्या. त्याच वेळी शेवटचं बिल मागा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी असेल तर ती पहिल्या दिवशीच कळलेली बरी.

फोटोत न येणाऱ्या गोष्टीही असतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लोक बघतात. निपाणीत एका ओळखीच्याने रिकामी झालेली तंबाखूची वखार स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि तिथे पोहे ठेवले. वखार झाडून, धुऊन, चुना मारून दिलेली होती. फोटोत ती नवीकोरी दिसली असती. पंधरा दिवसांत पोह्यांना तंबाखूचा वास लागला. वास, शटर ओढायला लागणारा जोर, भिंतीला हात लावल्यावर जाणवणारा गारवा, दिवा लावल्यावर येणारी करकर, हे शब्दांतच लिहावं लागतं. तुमच्या शटरचं हेच आहे. फोटोत ते सरळ दिसेल. त्याचा व्हिडिओ घ्या आणि व्हिडिओत बोला: आज अमुक तारीख, शटर खाली ओढताना उजवीकडे साधारण दोन फुटांवर अडकतं, सोबत मालक उभे आहेत.

ॲपचं आता सांगतो. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर छापणारी जीपीएस कॅमेऱ्याची ॲप चालतात, मीही वापरतो. पण छापलेली तारीख बदलता येते हे समोरच्यालाही माहीत असतं. म्हणून फोनच्या साध्या कॅमेऱ्यातले मूळ फोटोही ठेवा. त्यांना कातर लावू नका, उजळ करू नका. आणि त्याच संध्याकाळी ते मालकांना पाठवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे फोटो पाठवले तर ते बारीक होतात आणि फोटोच्या आत नोंदलेली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. एक प्रत स्वतःच्या ईमेलवर टाका, म्हणजे फोन हरवला, बदलला तरी माझ्यासारखी वेळ येणार नाही. सगळ्यात मोलाचं म्हणजे मालकांचं उत्तर. "बघितलं, बरोबर आहे" एवढं जरी आलं तरी तो दिवस दोघांनी मिळून कबूल केला. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी फोन करा, आणि फोन झाल्यावर "आत्ता बोलल्याप्रमाणे" असं म्हणून पुन्हा एक ओळ लिहून पाठवा.

यापुढची पायरी कागदाची. मुख्य दहा-बारा फोटो एका-दोन पानांवर छापून घ्या, खाली नंबर टाकून एकेक ओळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि ती पानं बाँडला, म्हणजे स्टॅम्प पेपरवरच्या भाडेकराराला जोडा. बाँडमध्येही एक वाक्य हवं की जागेची स्थिती सोबतच्या पानांप्रमाणे आहे. आपल्या सीमाभागात इथे एक जास्तीची काळजी लागते. बाँड रायटर मजकूर बहुतेक वेळा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत तयार करतात. आपल्यातल्या अनेकांना कन्नड बोलता येतं, पण कायद्याचं कन्नड वाचता येत नाही. काही मालकांचं मराठीचं तसंच असतं. फोटोंखालच्या ओळी मी मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून घेतो. कोबा, शटर, पत्रा, डाग, एवढेच शब्द असतात, शेजारचं कॉलेजात जाणारं पोरही लिहून देईल. आणि सहीआधी बाँड कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापायची अट काही वेळा त्यात आधीच बसलेली असते. ती मान्य असेल तर हरकत नाही, पण मग त्याच भिंतीचे पैसे दुसऱ्यांदा कापले जाणार नाहीत असं लिहून घ्या.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण फोटो कशासाठी ते त्यातून कळतं. कर्नाटकचा १९९९ चा भाडे कायदा १४ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दीडशे चौरस फुटांपेक्षा मोठ्या व्यापारी जागेला लागू होत नाही. तुमची जागा ८०० फुटांची. म्हणून तुमच्यासाठी बाँड आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, एवढंच उरतं. त्याच्या कलम १०८ मध्ये म्हटलंय की भाडेकरूने जागा ताब्यात घेताना होती तशा चांगल्या स्थितीत ठेवायची आणि परत करायची. रोजच्या वापराची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती यातून वगळली आहे. बाँडमध्ये वेगळं ठरलं असेल तर मात्र तेच चालतं. "ताब्यात घेताना होती तशी" म्हणजे कशी, हे कायदा सांगू शकत नाही. ते तुमच्या फोटोंनी सांगायचं. प्रकरण कोर्टात गेलंच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल फोटोंसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा वकील पहिल्यांदा मूळ फाईलच मागतील. ॲडव्हान्सची रक्कम मोठी असेल तर बाँड करतानाच एकदा वकिलाला दाखवा.

आता जी गोष्ट मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो आणि जी बहुतेक जण टाळतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत बघितलेलं गोडाऊन आणि जुलैत दिसणारं गोडाऊन या दोन वेगळ्या जागा असतात. थंडीत खडखडीत वाटणारी भिंत आषाढात पाणी धरते. खानापूरच्या बाजूला तर पाऊस आणखी जास्त. म्हणून फोटो एकदा काढून भागत नाही. पहिला मोठा वळीव झाला की दुसऱ्याच दिवशी आत जाऊन बघा. वळवाला वारा असतो, तो पत्रे हलवतो, सैल हुक तेव्हाच कळतात. मग जूनच्या शेवटी, सलग आठ-दहा दिवस पाऊस झाल्यावर, पहिल्या दिवशी जिथे उभं राहून फोटो काढले होते तिथूनच पुन्हा काढा आणि त्याच दिवशी मालकांना पाठवा. सोबत काय दुरुस्त व्हायला हवं ते लिहा. गळती वेळेवर कळवली तर दुरुस्तीची जबाबदारी कुणाची हे शांतपणे ठरवता येतं. तीच गळती जागा सोडताना सांगितली तर "तेव्हा का बोलला नाहीसा?" हा प्रश्न येतो, आणि तो रास्त असतो.

या पावसाळी फेरीचं मोल मला ऑगस्ट २०१९ मध्ये कळलं. त्या पुराच्या दिवसांत माझ्या सखल भागातल्या गोडाऊनमध्ये दीड फूट पाणी शिरलं. मालाचा विमा होता. पाहणीला आलेल्या सर्व्हेअरने पहिलाच प्रश्न केला, माल जमिनीवर होता की उंचावर? माझ्याकडे जुलैतले फोटो होते. त्यात लाकडी पाटांवर रचलेल्या थप्प्या दिसत होत्या, मागे भिंतही दिसत होती. खालचे दोन थर गेले, वरचा माल वाचला, आणि हिशोब लवकर मिटला. त्याच भिंतीचा गिलावा पुढे सुटला तेव्हा मालकांनी विषयही काढला नाही, कारण पुराआधीची भिंत त्यांच्या फोनमध्येही होती. तुम्हीही विमा घ्या, आणि सामान आत लावून झाल्यावर थप्प्यांचे फोटो वेगळे काढून ठेवा.

हे सगळं प्रत्येकाने इतक्याच काटेकोरपणे करावं असं नाही. महिना दोन हजारांची खोली असेल, ॲडव्हान्स दहा हजार असेल, तर पंधरा फोटो आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ पुरे. जागा मामाची किंवा गावातल्या भावकीतली असेल तर सह्या मागणं जड जातं, तिथे मी कागद सोडतो, पण फोटो पाठवणं सोडत नाही. एकाच शेडमध्ये दोघं-तिघं भाडेकरू असतील तर मधली जाळी किंवा खडूची रेघ, सामायिक दार आणि बाहेर पाण्याची वाट यांचे फोटो जास्त घ्या, कारण तिथे भांडण मालकापेक्षा शेजाऱ्याशी होतं. आणि तुम्ही आधीच आत राहत असाल, हे काहीच केलेलं नसेल, तर आज करा. आजची तारीख असलेले फोटो आजपासून पुढे तरी उपयोगी पडतात.

जागा सोडताना खडूचे तेच चौकोन, त्याच जागा, तोच क्रम. झाडून, रिकामी करून, मालकांसमोर. मीटरचा आकडा पुन्हा घ्या. किल्ली देतानाचा एक फोटो आणि "किल्ली मिळाली" असा एक मेसेज, दोन्ही त्याच दिवशी. भाडं कधीपर्यंतचं, हा वाद त्याने होत नाही.

तुमच्या दोन दोषांबद्दल माझं मत: शटर ॲडव्हान्स देण्याआधी मालकांकडून दुरुस्त करून घ्या, कारण ते रोज वापरताना आणखी बिघडेल आणि मग जुनं किती, नवं किती हे फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. तेलाच्या डागांसाठी अडून बसू नका, ते तुमच्या कामाच्या आड येत नाहीत. त्यांची नोंद तेवढी करा. आणि किल्ली घेतल्याच्या संध्याकाळी, तपशील तुमच्या जागेप्रमाणे बदलून, हा मेसेज फोटोंसोबत पाठवा:

"काका, नमस्कार. आज किल्ली मिळाली. तुमच्यासमोर काढलेले ५६ फोटो आणि २ व्हिडिओ पाठवतोय. चौकोन ३ आणि ४ मध्ये आधीचे तेलाचे डाग आहेत. मागच्या भिंतीला डाव्या कोपऱ्यात तीन फूट उंचीपर्यंत लोणा आहे. पत्र्याला पश्चिमेकडे चार ठिकाणी उजेड दिसतो. मीटरचा आकडा फोटोत आहे. एकदा बघून घ्या, आणि काही राहिलं असेल, चुकलं असेल तर सांगा, मी उद्या येऊन तोही फोटो काढतो."